सोफा खाली कोण आणणार? : जड सामान उचलण्याच्या सेवेच्या प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२५

काम आजपासून रीतसर माझ्याकडे आलं. उत्तर इंग्लंडमधल्या आमच्या हाउसिंग असोसिएशनच्या, म्हणजे कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेच्या, तीन वसाहती. दोन वसाहतींत चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आणि तिसरीत उंच टॉवर. भाडेकरूंचे जुने सोफे, गाद्या, कपाटं आणि फ्रीज त्यांना परवडेल अशा दरात उचलले जावेत, एवढंच मंजुरीच्या कागदात म्हटलंय. तो दर किती असावा आणि तो भरायचा कुणी, याबद्दल चकार शब्द नाही.

आधी कायदा. १९९०च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार घरगुती कचरा उचलणं कौन्सिलवर, म्हणजे इथल्या नगरपालिकेवर, बंधनकारक आहे आणि रोजच्या कचऱ्याचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. जड सामानाचे मात्र घेता येतात. २०१२च्या नियमांत मोजमापच दिलंय : २५ किलोपेक्षा जड वस्तू किंवा कचऱ्याच्या डब्यात न मावणारी वस्तू. जिथे डबाच दिलेला नाही तिथे ७५० मिलिमीटर व्यासाचं आणि एक मीटर लांबीचं पिंप कल्पायचं. त्यात जे मावणार नाही त्याचे पैसे लागू. हे पिंप कुणी कल्पिलं कोण जाणे, पण गादी त्यात कशीही गुंडाळली तरी जात नाही.

कौन्सिलांचे दर आपापले. काही वर्षातून एखादी फेरी फुकट देतात, काही सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना सवलत देतात, बाकीच्या ठिकाणी दोन-तीन वस्तूंचे पाउंड दोन आकड्यांत जातात. आठवड्याचा हिशोब पेनीत करणाऱ्या घराला हे पैसे एकरकमी आणि आगाऊ काढणं जड जातं.

१६ जानेवारी

केअरटेकरबरोबर पहिल्या वसाहतीची फेरी. तो इथे इतकी वर्षं आहे की कुठल्या जिन्यात काय सापडेल हे दार उघडण्याआधी सांगतो. खिशात जाड मार्कर. पडलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख टाकतो. कारण विचारलं तर म्हणाला, "एक गादी दोन दिवस राहिली की तिला सोबत मिळते. ऑफिसला फोटो पाठवला तर ते विचारतात, हे कधीचं? मग मी फोटो मोठा करून तारीख दाखवतो."

कचऱ्याच्या खोलीत अपेक्षित तेच होतं : भिंतीला टेकवलेली ओली गादी, खण नसलेलं ड्रॉवरचं कपाट, दाराला चिकटपट्टी मारलेला फ्रीज. त्याने मला मुद्दाम दाखवलं ते दुसऱ्याच ठिकाणी. दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर एक तीन बैठकींचा सोफा उभा केलेला, पाय काढलेले, एक हात भिंतीत रुतल्यासारखा. भिंतीवर कमरेच्या उंचीला रंग खरवडलेला, आणि तो एका सोफ्याने खरवडलेला नाही. जुन्या ओरखड्यांवर रंग चढलाय आणि त्यावर नवे ओरखडे. तिथवर आणलेलं सामान वळत नाही. आणणाऱ्याची कंबर जाते किंवा मदतीला आलेला मेहुणा निघून जातो, आणि सोफा तिथेच मुक्कामाला राहतो.

कौन्सिलची गाडी सामान रस्त्याच्या कडेला असेल तरच उचलते. म्हणजे पैसे भरूनही कामाचा अवघड भाग भाडेकरूच्याच अंगावर.

४ फेब्रुवारी

हिशोब विभागात अख्खी दुपार गेली, पण काम झालं.

वसाहतीची जमीन आमची, म्हणजे कायद्याच्या लेखी खासगी. तिच्यावर कुणी चोरून सामान टाकलं तर ते हटवण्याची जबाबदारी जमीनमालकाची. आम्ही ठेकेदाराला बोलावतो. तो फेरीचे किमान पैसे घेतो, मग गाडीत एक खुर्ची असो की दहा गाद्या. सगळं एकत्र पडलेलं असल्याने वेगळं करण्याची मजुरी वर. हा खर्च सर्व्हिस चार्जमध्ये, म्हणजे भाड्यावर लागणाऱ्या देखभालीच्या आकारात, जातो आणि सर्व्हिस चार्ज सगळे भाडेकरू भरतात. जिच्या घरातून दहा वर्षांत चमचासुद्धा बाहेर टाकला गेला नाही ती बाईही भरते.

तेवढंच सामान कौन्सिलच्या दराने घरोघरून रीतसर उचललं असतं तर किती पडलं असतं, ते शेजारी मांडून बघितलं. रीतसर उचलणं स्वस्त निघालं. म्हणजे 'भाडेकरूंना फुकट सेवा द्यायची का?' हा प्रश्नच बाजूला ठेवायला हवा. पैसे ते भरतातच. फक्त सामान जमिनीवर पडून भिजल्यावर भरतात.

हिशोबनीस बाईंनी आकडे तपासले आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण चोरट्या कचऱ्याचे पैसे एका खात्यात आणि तुमच्या प्रकल्पाचे दुसऱ्या. या खात्यातला पैसा त्या खात्यात आपोआप जात नाही."

हेच खरं काम आहे. व्हॅन मिळेल, माणसंही मिळतील.

६ मार्च

पर्यावरण खात्याचे नवे आकडे आले आहेत. २०२३-२४ मध्ये इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी चोरून टाकलेल्या कचऱ्याच्या सुमारे साडेअकरा लाख घटना हाताळल्या. त्यातल्या ६० टक्के घरगुती कचऱ्याच्या. खासगी जमिनीवरचा बहुतेक कचरा यात मोजलाच जात नाही. आमच्या जिन्यातला सोफा या साडेअकरा लाखांत नाही.

संचालक मंडळातल्या एकांचं मत : दंड करा. कचरा टाकणाऱ्याला जागेवर करायचा दंड जुलै २०२३पासून हजार पाउंडांपर्यंत नेता येतो हे खरं, पण तो अधिकार कौन्सिलचा. आम्ही फार तर पुरावा देणार. आणि पुरावा काय? गादीवर नाव नसतं. कॅमेऱ्यात टोपी ओढलेला माणूस आणि गादीची मागची बाजू एवढंच दिसतं.

दंडाची दुसरी बाजू मंडळाला सांगितली तेव्हा खोली जरा शांत झाली. सामान कुणाच्या हाती देतो हे बघण्याची जबाबदारी कायद्याने घरमालक-भाडेकरू सगळ्यांवर टाकलेली आहे. बिनपरवाना व्हॅनवाल्याला सोफा दिला आणि त्याने तो कुठल्या गल्लीत टाकला, तर देणाऱ्यालाही ६०० पाउंडांपर्यंत दंड लागू शकतो. व्हॅनवाला नोंदणीकृत आहे का, ते पर्यावरण एजन्सीच्या सार्वजनिक यादीत कुणालाही बघता येतं. बघतो कोण? दुसऱ्या वसाहतीतल्या एका तरुण आईने सोशल मीडियावरून माणूस बोलावला, रोख पैसे दिले, आणि पाळण्यातली गादी दोन रस्त्यांपलीकडे सापडली. तिने पैसे मोजले होते. तिच्या समजुतीप्रमाणे तिने सगळं नीट केलं होतं.

हा व्हॅनवाला आपला खरा प्रतिस्पर्धी. तो कौन्सिलपेक्षा स्वस्त असेलच असं नाही. पण तो आज येतो, घरात शिरतो आणि सामान स्वतः खाली नेतो.

२० मार्च

भाडेकरूंची बैठक, पहिल्या वसाहतीच्या कम्युनिटी हॉलमध्ये. मी दराबद्दल प्रश्न नेले होते. दरावर दहा मिनिटंही बोलणं झालं नाही.

तक्रारी ऐकल्या तशा लिहितो. कौन्सिलची नोंदणी ऑनलाइन, पैसे कार्डानेच. तारीख मिळते ती तीन आठवड्यांनंतरची. सामान सकाळी सहाच्या आत बाहेर हवं, म्हणजे आदल्या रात्री काढायचं, म्हणजे रात्रभर पावसात. नवा सोफा शुक्रवारी येतो आणि जुना तीन आठवडे घरात ठेवायला जागा नसते, म्हणून तो पॅसेजमध्ये जातो.

पॅसेजमध्ये गेला की आमचं पत्र येतं. २००५च्या अग्निसुरक्षा आदेशाखाली सामायिक जागा मोकळ्या ठेवणं आम्हाला भाग आहे आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर त्यात कुणी हयगय करत नाही, करूही नये. पत्रात मुदत असते दिवसाची, गाडी येणार असते तिसऱ्या आठवड्यात. एका माणसाने दोन्ही कागद, आमची नोटीस आणि कौन्सिलची पावती, टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "यातलं कोणतं पाळू?" आमच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याने दोन्ही वाचले आणि पावतीचा फोटो काढून घेतला.

चौथ्या मजल्यावरच्या एक वयस्कर बाई शेवटी उठल्या. "मला फुकट काही नकोय. मी पैसे देते. मला दोन धडधाकट माणसं द्या, जी वर येतील."

घरी येताना ठरवलं : दराचा तक्ता दुसऱ्या पानावर. पहिल्या पानावर जिना.

८ एप्रिल

सोफ्याची भानगड स्वतंत्रपणे लिहून ठेवायला हवी, कारण दर वेळी कुणाला तरी पहिल्यापासून समजवावी लागते.

१९८८च्या फर्निचर अग्निसुरक्षा नियमांमुळे इथल्या सोफ्यांच्या कापडात आणि फोममध्ये आग रोखणारी रसायनं वर्षानुवर्षं घातली गेली. त्यातली काही, उदाहरणार्थ डेकाबीडीई, निसर्गात विघटित होत नाहीत आणि सजीवांच्या शरीरात साठत जातात. म्हणून इंग्लंडमध्ये १ जानेवारी २०२३पासून पर्यावरण एजन्सीने बजावलंय : कचऱ्यात आलेले गादीदार बैठकीचे प्रकार, म्हणजे सोफा, आरामखुर्ची, सोफाबेड, बीनबॅग, सुट्या उशासुद्धा, वेगळे ठेवायचे आणि जाळूनच नष्ट करायचे. पुरायचे नाहीत, पुनर्चक्रणात घालायचे नाहीत. फाटलेला सोफा इतर सामानात मिसळला की ते सामानही त्याच वाटेने पाठवावं लागतं.

म्हणून 'वसाहतीत महिन्यातून एकदा मोठा स्किप, म्हणजे कचऱ्याचा उघडा लोखंडी पेटारा, उभा करा' ही सगळ्यांची आवडती सूचना बाद. स्किपमध्ये सोफा इतर सामानावर फेकला जाणारच. शिवाय केअरटेकरच्या अनुभवाने, स्किप सकाळी येतो आणि दुपारच्या आत बाहेरच्या बांधकामवाल्यांच्या मातीविटांनी भरतो. भाडेकरू कामावरून येईपर्यंत त्यात जागा नसते.

यातून एक गोष्ट माझ्या फायद्याची निघाली. सोफा घरातून, कोरडा, अग्निसुरक्षेचं लेबल शाबूत असताना उचलला तर धर्मादाय दुकान तो विकायला घेऊ शकतं, कारण तेव्हा तो कचरा झालेलाच नसतो. तोच सोफा एक रात्र कचऱ्याच्या खोलीत घालवून आला की त्याची वाट भट्टीकडे. घराच्या दारातून उचलणं ही म्हाताऱ्यांची सोय म्हणून मांडत होतो, आता विल्हेवाटीचा खर्च वाचवण्याचा उपाय म्हणूनही मांडता येईल. हिशोबवाल्यांना हीच भाषा कळते.

लेबल कुठे असतं हे पथकाला शिकवायचं : बहुधा बैठकीच्या उशीखाली किंवा सोफ्याच्या तळाशी. लोक ते कात्रीने कापून टाकतात. बोचतं म्हणे.

२९ एप्रिल

जुनं फर्निचर दुरुस्त करून गरजूंना देणाऱ्या एका संस्थेच्या गोदामात गेलो. बेडच्या फ्रेम, जेवणाची टेबलं, तपासून हिरवं स्टिकर लावलेल्या वॉशिंग मशीन. गोदाम चालवणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांना सगळ्यात कमी मिळतो तो चांगला बेड आणि मागणी सगळ्यात जास्त त्याचीच.

आमच्याच वसाहतीत एका मजल्यावरून कपाट फेकलं जातं आणि त्याच्या खालच्या मजल्यावर मुलं कपडे काळ्या पिशव्यांत ठेवतात. एंड फर्निचर पॉव्हर्टी या संस्थेच्या अभ्यासात सामाजिक घरांपैकी, म्हणजे कौन्सिल आणि आमच्यासारख्या संस्थांच्या घरांपैकी, फक्त २ टक्के घरं सामानासह भाड्याने दिली जातात असं आढळलं होतं. पूर्वी नव्या घरात जाताना सामानासाठी सरकारच्या सोशल फंडातून अनुदान मिळायचं. ते एप्रिल २०१३मध्ये बंद झालं आणि जबाबदारी कौन्सिलांवर, त्यांना जमेल तशी, सोडली गेली.

आणि आमचा स्वतःचा वाटा? भाडेकरू घर सोडून गेला की रिकाम्या घरांचं पथक सगळं उपसून काढतं. बरा गालिचाही. धोरण तसं आहे : मागे राहिलेल्या वस्तूची जबाबदारी नको. मग नवा भाडेकरू उघड्या सिमेंटवर येतो आणि व्याजाने पैसे काढून गालिचा घेतो. या ढिगाला आम्ही 'भाडेकरूंचा कचरा' म्हणत आलो. प्रकल्पाच्या कक्षेत हे नाही, पण अहवालात घालणार.

१५ मे

आज सेवेचा आराखडा बसला. चर्चा लांबली ती दोन मुद्द्यांवर.

पहिला, युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत. सर्व्हिस चार्जचे काही प्रकार त्यातून मिळतात. सामायिक कचरा उचलणं त्यात बसतं. पण एका भाडेकरूच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून सोफा खाली नेणं ही सामायिक सेवा की वैयक्तिक? वैयक्तिक ठरली तर ती रक्कम भाडेकरूच्या खिशातून जाणार, म्हणजे परवडण्याच्या नावाखाली आम्हीच नवा भार टाकणार. वकिलांचा सल्ला : सेवा सगळ्या घरांना सारखी उपलब्ध ठेवा, सामायिक जागा मोकळ्या ठेवण्याचा भाग म्हणून लिहा, आणि जास्तीच्या फेऱ्यांचे पैसे वेगळे दाखवा. तसंच लिहिलं.

दुसरा, मालकीची घरं. १९८०च्या कायद्याने भाडेकरूंना आपलं घर विकत घ्यायचा हक्क मिळाला, त्यामुळे प्रत्येक इमारतीत काही जण आता दीर्घ भाडेपट्ट्याचे धारक, म्हणजे व्यवहारात घराचे मालक, आहेत. बारा महिन्यांपेक्षा लांब करार केला आणि त्यापोटी त्यांच्यापैकी एकावरही वर्षाला १०० पाउंडांहून जास्त बोजा आला, तर १९८५च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे आधी सल्लामसलत करावी लागते. चाचणीचा करार म्हणून बारा महिन्यांच्या आतच ठेवला.

शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक घराला वर्षाला दोन फेऱ्या सर्व्हिस चार्जमध्येच. फोन केल्यापासून आठवड्याच्या आत उचल. हवं तर घराच्या आतून. तिसऱ्या फेरीपासून थोडे पैसे, तेही भाड्याच्या खात्यावर टाकून हप्त्यांनी फेडता येतील. कार्ड नको, ऑनलाइनची सक्ती नको. केअरटेकरला सांगितलं तरी नोंद होईल.

एकाने विचारलं, "लोक गैरफायदा घेतील त्याचं काय?" कशाचा गैरफायदा? वर्षाला पाच सोफे बदलणारं घर मला अजून भेटायचंय.

२२ मे

ठेकेदाराच्या सुरक्षा अधिकाऱ्याबरोबर जिने मोजले. वजन उचलण्याला कायद्यात ठरावीक कमाल मर्यादा नाही, पण मार्गदर्शक आकडा आहे : पुरुषाने कमरेच्या उंचीवर, अंगालगत धरून २५ किलो, बाईने १६. जिन्यात सामान अंगालगत राहतच नाही. दोन माणसं किमान, सोफाबेडला तीन. आतल्या लोखंडी सांगाड्यामुळे सोफाबेड उतरताना मधूनच उघडतो आणि खालच्या माणसाच्या हनुवटीवर येतो. त्याला आधी पट्टा आवळायचा, मगच दाराबाहेर काढायचा. पथकाच्या पेटीत पट्टे, पान्यांचा संच, भिंतीच्या कोपऱ्याला लावायला जुनी चादर.

९ जून

पहिली व्हॅन निघाली. पाऊस नाही, हे नशीब.

३ जुलै

सुरुवातीला लोकांनी वर्षानुवर्षं साठवलेलं बाहेर काढलं, हे अपेक्षित होतं. बाल्कनीतल्या सायकली, न चालणारे टीव्ही, पलंगाखाली उभी कापलेली जुनी गादी. जुनाट प्लायवूडचं कपाट हलवलं की पत्त्यांच्या बंगल्यासारखं बसतं, मग त्याच्या फळ्याच न्यायच्या.

फ्रीज हा वेगळाच ताप. त्यातल्या वायूंमुळे तो घातक कचऱ्यात धरला जातो, नळी तुटू द्यायची नसते, आडवा टाकायचा नसतो. आणि निम्म्या वेळा आत अन्न असतं. पथकातल्या मुलाने एक दार उघडलं आणि तो सरळ गॅलरीत जाऊन उभा राहिला. आता नोंदणी घेतानाच सांगतो : रिकामा करा, दार बंद ठेवायला टेप आम्ही आणू. नवा फ्रीज घेताना जुना परत घेण्याची काहीएक जबाबदारी विक्रेत्यांवर आहे, पण घरून न्यायचे पैसे ते लावू शकतात, आणि जुन्या फ्रीजच्या जागी दुसऱ्याचा जुना आणणाऱ्यांना त्याचा उपयोग शून्य.

मार्चच्या बैठकीतल्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंचा सोफा गेला. लेबल होतं, गोदामवाल्यांनी घेतला. बाईंनी पथकाला चहा दिला आणि सोफा वळणावर आडकला तेव्हा वरून दिशा सांगत होत्या. त्यांचं बरोबर होतं. तो सोफा त्याच जिन्याने वर आला तेव्हा त्या हजर होत्या.

२४ जुलै

एक सोपी गोष्ट सापडली आणि ती आधी कुणी का केली नाही कळत नाही. घर सोडताना भाडेकरू चार आठवड्यांची नोटीस देतो. नोटीस आली की त्याच दिवशी फोन करायचा : न्यायचं नाही असं काय आहे? आम्ही येऊन नेतो. शेवटच्या रात्री कचऱ्याच्या खोलीत जाणारं सामान असं दोन आठवडे आधी, दिवसाउजेडी आणि वेगवेगळं करून मिळतं. रिकाम्या घरांच्या पथकाचं कामही हलकं होतं. त्या पथकाच्या प्रमुखाने पहिल्यांदाच आपणहून मला फोन केला.

१८ ऑगस्ट

ढेकूण. एका घरातली गादी पथकाने पॅसेजमधून उघडीच नेली. तक्रार आली, योग्यच होती. आता गादीची प्लास्टिक पिशवी आदल्या दिवशी घरी पोहोचते, गादी खोलीतच पिशवीत जाते, तोंड टेपने बंद. अशा गादीवर स्प्रेने मोठी फुली मारायची, कारण चांगल्या दिसणाऱ्या गादीला रात्रीत दुसरं घर मिळतं.

११ सप्टेंबर

तिमाही आढावा. बिनलिफ्टच्या दोन्ही वसाहतींत जिन्यातलं आणि कचऱ्याच्या खोलीतलं सामान डोळ्यांना दिसेल इतकं कमी झालंय. केअरटेकरचा मार्कर वाळला, हा त्याचाच विनोद.

टॉवरमध्ये मात्र काही फरक नाही. ठेकेदाराची बिलं जवळजवळ तशीच. आधी वाटलं माहिती पोहोचली नाही. दोन संध्याकाळी तिथे खाली थांबलो, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोललो. माहिती सगळ्यांना होती.

फरक लिफ्टचा आहे. चार मजली इमारतीत सामान खाली आणणं कठीण, म्हणून 'आम्ही वर येतो' याला किंमत. टॉवरमध्ये सोफा उभा करून लिफ्टमध्ये घातला की दोन मिनिटांत तळमजल्यावर. तिथे लोकांना हात नकोत, वेळ हवीय. नवं सामान शनिवारी येतं, जुनं शनिवारीच जातं, आणि आमचं 'आठवड्याच्या आत' म्हणजे सोमवार ते शुक्रवार. सहा दिवस गादी उभी करायला त्या फ्लॅटमध्ये भिंत शिल्लक नसते.

म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या सेवा लागणार. बिनलिफ्टच्या इमारतींना माणसं आणि टॉवरला शनिवारची गाडी, शिवाय तळमजल्यावर कुलपाची, आगीला तोंड देणारी खोली, जिथे सामान रात्रभर रीतसर ठेवता येईल. खोलीला अग्निसुरक्षा अधिकारी तयार होईल असं दिसत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तरी झालो नसतो. म्हणून शनिवार.

मंडळापुढे सरासरी मांडली असती तर 'मध्यम यश' असं दिसलं असतं. सरासरी काढलीच नाही. वसाहतवार तीन पानं दिली.

१४ ऑक्टोबर

२७ तारखेपासून अवाबचा कायदा लागू होतोय. रॉचडेलमध्ये बुरशी लागलेल्या घरात राहणारा दोन वर्षांचा अवाब इशाक डिसेंबर २०२०मध्ये दगावला, त्याच्या नावाचा. ओल आणि बुरशीच्या घातक तक्रारींवर सामाजिक घरमालकांना आता ठरावीक मुदतीत काम करावं लागेल.

माझ्या कामाशी संबंध असा. कोपऱ्यातल्या ओलीने मागून काळी पडलेली कपाटं आणि गाद्या बऱ्याच येतात. त्या घराने आपल्या दोन फुकट फेऱ्यांपैकी एक आमच्या भिंतीपायी खर्च केलेली असते. आजपासून अशा उचलीला वेगळा कोड : भाडेकरूच्या फेऱ्यांत धरायची नाही, खर्च दुरुस्ती विभागाच्या खात्यावर. आणि पथकाने गादीच्या मागच्या भिंतीचा फोटो काढून त्याच दिवशी दुरुस्तीकडे पाठवायचा. पथक घराच्या आत जातं, त्यामुळे फोन करून तक्रार न करणाऱ्यांच्या भिंतीही आता कुणीतरी बघतं.

दुरुस्ती विभाग खूश नाही. त्यांच्या खात्यावर खर्च आला म्हणून की फोटो आले म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही.

६ नोव्हेंबर

पुढच्या जूनपासून तीन वर्षांचा करार करायला मंडळाची मंजुरी मिळाली. आता कलम २० टाळता येणार नाही. भाडेपट्टाधारकांना पहिली नोटीस पुढच्या आठवड्यात, हरकतींना ३० दिवस. एका भाडेपट्टाधारकाने आताच लिहून विचारलंय की स्वतःचा सोफा स्वतः टाकणाऱ्याने इतरांच्या सोफ्याचे पैसे का भरायचे. उत्तरात त्यांना त्यांच्याच इमारतीची गेल्या तीन वर्षांची साफसफाईची बिलं जोडतोय. ते आतापर्यंत काय भरत आले ते त्यात तारखेवार आहे.

निविदेत तीन अटी वाढवल्या. सोफे वेगळ्या कप्प्यात. लेबल असलेलं सामान आधी पुनर्वापर संस्थेला दाखवायचं, त्यांनी नाकारलं तरच पुढे. टॉवरसाठी दर शनिवारी दुपारी गाडी. आताच्या ठेकेदाराला तिसरी अट आधी दाखवली, तो शनिवारचे दीडपट मागतो. सव्वापटीवर बोलणी चालू आहेत.